म्हापशाच्या बाजारातला सौदा

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कंपास पेटी घ्यायला गेला, किंमत दीडशे आणि खिशात 110 रुपयेच, तर विकणाऱ्या मावशीला म्हणाला की बाकीच्या 40 रुपयांची आमच्या झाडाची लिंबं पुढच्या शुक्रवारी आणून देतो, आणि तिने चक्क पेटी दिली! मला फार लाज वाटली हो, मी जाऊन पैसे देऊन टाकू का?

उत्तर : अजिबात नको ताई, लाज कसली! पोराने फुकट मागितलं नाही, रडला नाही, स्वतःकडे काय आहे ते बघून भाव ठरवला, मला तर खूप कौतुक वाटलं. आता 1872 च्या करार कायद्याप्रमाणे 18 वर्षांखालच्या मुलाने केलेला करार त्याला बांधत नाही, म्हणजे मावशीने निव्वळ विश्वासावर माल दिलाय, म्हणून तर तो शब्द जास्त जपायला हवा. लिंबं त्यालाच तोडू दे, मोजू दे, डागाळलेली बाजूला काढू दे. शुक्रवारी सोबत जा पण बोलणं त्याचं त्यालाच करू दे. आणि झाडाला लिंबं कमी असतील तर आजच जाऊन मावशीला सांगायला लावा, शुक्रवारची वाट बघू नका.