स्कॅन नॉर्मल आहे, मग हे असे का वागतात?

"मॅडम, हे मुद्दाम करतात का हो?" खुर्चीत नीट बसायच्या आधीच बाईंनी विचारलं. नवरा शेजारीच, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलेला. मी समुपदेशक, ब्रेन हॅमरेज होऊन गेलेल्या घरातून हा प्रश्न माझ्याकडे फार येतो, कुणी आळशी म्हणतं, कुणी हट्टी, कुणी आयतं बसायची सवय लागलीय म्हणतं. (ओळख पटू नये म्हणून धंदा वगैरे बदललाय.)

वय ४८, हार्डवेअरचं दुकान. दीड वर्षापूर्वी काउंटरवरच एकदम डोकं एवढं दुखलं की खालीच बसले. मेंदूच्या पुढच्या बाजूच्या रक्तवाहिनीवर फुगा होता तो फुटलेला. ऑपरेशन करून क्लिप लावली, वाचले. हातपाय चालतात, बोलणं स्वच्छ, नातेवाईक म्हणतात देवाची कृपा, आणि घरी मात्र चार वेळा सांगितल्याशिवाय माणूस आंघोळीला उठत नाही, गॅससमोर उभे राहून दूध उतू जाताना बघतात पण बटण बंद करत नाहीत. त्यात चिडचिड, दुपारपर्यंत थकून आडवे.

मी त्यांना म्हटलं, एका मिनिटात 'क'वरून सुचतील तेवढे शब्द सांगा. "कमळ, कप, कात्री, काका..." मग शांतता, मग परत "कमळ". बाईंचा चेहरा उतरला. म्हणून मी सहज विचारलं, पाऊण इंची एल्बो केवढ्याला हो? फटकन भाव सांगितला, तोही कंपनीप्रमाणे वेगवेगळा!

म्हणजे माल सगळा दुकानात आहे, सकाळी शटर उघडणारा माणूस येत नाहीये. काम सुरू करणं, क्रम लावणं, मध्येच थांबणं, दोन गोष्टी एकदम सांभाळणं हे मेंदूचा पुढचा भाग बघतो आणि मार तिथेच बसलाय. रक्त राहिलंय का, पाणी साठलंय का ते स्कॅनमध्ये दिसतं, दूध बघून हात का पुढे जात नाही ते नाही दिसत. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आणि हा त्रास, दोन्ही एकदम खरं असू शकतं.

माझीही चूक झाली इथे. मला आधी वाटलं डिप्रेशनच आहे (ते असतंही बऱ्याच जणांना, त्यांच्या न्यूरोच्या डॉक्टरांशी बोलून सायकियाट्रिस्टकडेही पाठवलं), म्हणून मी वही दिली, रोज आवडीचं एक काम करा आणि लिहा. दोन आठवड्यांनी वही कोरी. कोरी येणारच ना, स्वतःहून सुरू करणं हेच तर जमत नव्हतं!

मग उलटं केलं. "आज काय करणार?" हा प्रश्न घरात बंद. त्याऐवजी "टॉवेल घ्या", झालं की पुढचं. मोबाईलला अलार्म, प्रत्येकाला कामाचं नाव. गॅसपाशी एकटं उभं राहायचं नाही. दुकानात सकाळचे दोनच तास, एका वेळी एकच गिऱ्हाईक, ऑर्डर आधी कागदावर मग माल काढायचा, हिशेब मुलगा तपासणार. दुपारी झोप, त्यावरून टोमणे नाहीत. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा भराभर होते, नंतर हळू, पण दीड वर्षांनी काहीच होत नाही असंही नाही. मात्र सुधारत असलेला माणूस परत मागे जायला लागला, चाल अडखळते, लघवीवर कंट्रोल राहत नाही, विसरणं वाढलं, तर समुपदेशकाकडे येऊ नका, सरळ न्यूरोसर्जनला दाखवा, मेंदूत पाणी साठत असू शकतं आणि त्यावर इलाज आहे.

बाई एकदा एकट्या आल्या. म्हणाल्या, "जिवंत आहेत तर रडायचं कसं मॅडम? लोक नावं ठेवतील." रडल्या बराच वेळ, मी मध्ये बोलले नाही.

गेल्या महिन्यात हे स्वतःहून रिक्षा करून आले, वहीत स्वतःच्या अक्षरात 'मॅडमकडे जाणे' लिहिलेलं. आले मंगळवारी, अपॉइंटमेंट बुधवारची होती. मी बाईंना फोन करून कळवलं, चहा मागवला आणि बसवून घेतलं.