नऊ एमएम पिस्तूल कसं असतं? सोलापुरात परवान्यावर मिळेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. नऊ एमएम, म्हणजे ९ बाय १९ मिमी, हा बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचं माप) आपल्याकडे प्रतिबंधित आहे, तो लष्कर-पोलिसांसाठी. तुमच्या-आमच्यासारख्यांना पिस्तूल घ्यायचं तर बहुतेक वेळा .३२, म्हणजे ७.६५ मिमी. सोलापूर शहरात राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तालयात, बार्शी-पंढरपूरकडचे असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयात.

आता मत. आमच्या ओळखीत लष्करातून निवृत्त झालेले दोघे-तिघे आहेत, त्यांचं नऊ एमएमवर जाम प्रेम. नोकरीत असताना त्यांच्याकडे असायचं ते पिस्तूल इशापूरच्या सरकारी कारखान्यातलं, ब्राउनिंग या परदेशी पिस्तुलाच्या बनावटीवरचं, मॅगझिनमध्ये १३ गोळ्या. धक्का बसतो, पण हात उडत नाही, दुसरी गोळी लगेच नेमावर येते, असं ते सांगतात. .३२ला ते सरळ 'खेळणं' म्हणतात. मला हे पटत नाही. माझ्याकडे .३२च आहे. ताकद कमी हे खरंय, पण हलकं आहे आणि सराव असेल तर नेम चुकत नाही. सराव कुणी करत नाही, ही खरी बोंब!

आणि एप्रिल-मेमध्ये कमरेला लावून फिरा म्हणजे कळेल. घामाने ग्रिपखालच्या पट्टीवर तांबूस डाग धरतात, रोज रात्री तेलाचं फडकं फिरवावंच लागतं. बोअर कुठलाही असो, त्यातून सुटका नाही. शिवाय निवडणूक लागली की अनेकांना ते पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागते.

कुणी 'स्वस्तात नऊ एमएम देतो' म्हणालाच, तर चार हात लांब राहा. थेट शस्त्र अधिनियम, १९५९ लागतो.