खाकरून घसा मोकळा होतो का?

प्रश्न : वय ५१, फोंड्याजवळ किराणा दुकान, संध्याकाळी देवळात भजन. आठ महिने घशात केस अडकल्यासारखं वाटतं. खाकरलं की चिकट पांढरा बेडका सुटतो, पाच मिनिटांनी पुन्हा तेच. जेवताना काही नाही, नुसता आवंढा गिळताना जाणवतं. छातीत जळजळ नाही. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, एक्स-रे चांगला आहे. तंबाखू-विडी नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे. भजन आटोपून जेवायला साडेदहा होतात, मग लगेच झोप. श्रावणात वास्कोच्या सप्ताहात आमच्या पथकाची पाळी असते, आवाज टिकेल ना? हा कॅन्सर तर नव्हे?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. भात सुखानं उतरतो आणि रिकामा आवंढा अडतो, हे कॅन्सरचं नेहमीचं लक्षण नव्हे. तरी आठ महिने म्हणजे पुष्कळ झाले. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन दुर्बिणीनं एकदा स्वरयंत्र पाहून घ्या. नाकातून बारीक नळी घालतात, काही मिनिटांचं काम. आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला, एकाच बाजूला दुखून कानात कळ गेली, मानेत गाठ लागली, थुंकीत रक्त दिसलं किंवा वजन उतरलं, तर मात्र आजच्या आज जा.

आता बेडका. निरोगी नाकातूनही रोज लिटरभराच्या आसपास स्राव घशाकडे उतरतो, आपण तो नकळत गिळतो. तुमचा कफ फार वाढलाय असं मला वाटत नाही. घसा हळवा झालाय. माझ्याकडे एक पेटीवाले आले होते. ते बोलत होते आणि मी केसपेपरच्या कोपऱ्यात रेघा मारत होते : दहा मिनिटांत एकवीस वेळा खाकरले. दर खाकरण्याला स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, तिथे सूज येते, सुजेमुळे पुन्हा काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, की पुन्हा खाकर. उबळ आली की घोटभर पाणी प्या, नाहीतर आवंढा गिळा. पहिले चार दिवस जीव कासावीस होईल. गाण्याआधी ‘गळा साफ करायची’ सवय तर सोडाच. आवाज टिकवायला एवढं एक केलंत तरी पुष्कळ.

माझा मुख्य संशय तुमच्या साडेदहाच्या जेवणावर आहे. आडवं झालं की पोटातलं आम्ल आणि पेप्सिन (अन्न पचवणारा पाचक रस) घशापर्यंत चढू शकतं. घशाचं अस्तर अन्ननलिकेपेक्षा नाजूक, त्याला थोडंसंही पुरतं. म्हणून छातीत जळजळ नसतानाही घसा बिघडतो. भजनाला जायच्या आधी सातला जेवा, परतल्यावर फार तर वाटीभर पेज. बांगड्याचं हुमण मलाही सुटत नाही, पण ते दुपारी. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली सहा इंचांचे ठोकळे द्या. उशांवर उशा रचू नका, त्यानं पोट मुडपतं. आम्ल कमी करायची गोळी डॉक्टरांनी दिलीच, तर नाश्त्याआधी अर्धा तास घ्या. घशाला दोन-तीन महिने लागतात, आठ दिवसांत ‘गुण नाही’ म्हणून सोडू नका.

पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, तेव्हा शिंका आणि नाक चोंदणं असेल तर ॲलर्जीही तपासा. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुतल्यानं बरं वाटतं. चौथ्या अँटिबायोटिकची गरज दिसत नाही.

आणि रक्तदाबाच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. रामिप्रिल किंवा एनालाप्रिल असेल, तर घशात खवखव आणि कोरडा खोकला त्यानंही येतो. मनानं बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांना पाकीट नेऊन दाखवा.