युद्धानंतरच्या ग्रीक कवितेत दगड, भांडी आणि हात इतके का येतात? ही सगळी प्रतीकं समजायची का?

तुम्ही अनुवाद वाचताय आणि पानोपानी खुर्च्या, दगड, भांडी भेटतायत म्हणून वैतागलाय, असं प्रश्नावरून वाटलं. माझं मत विचाराल तर आधी भांडं भांडंच समजा. प्रतीकाचं नंतर बघू.

ग्रीक कवी यानिस रित्सोसची (१९०९–१९९०) 'साधेपणाचा अर्थ' ही छोटीशी कविता घ्या. ती १९४६-४७ मधल्या 'कंस' या कवितांपैकी आहे. कवी म्हणतो, मी साध्या वस्तूंच्या मागे लपतो, तुम्हाला सापडावा म्हणून. मी नाही सापडलो तरी वस्तू सापडतील, माझ्या हाताने शिवलेलं तुम्ही शिवाल आणि आपल्या हातांचे ठसे एकमेकांत मिसळतील. वाचणाऱ्याने आपल्याला समजून घ्यावं असं तो कुठेच म्हणत नाही. त्याला फक्त तुमचा हात तिथे लागायला हवाय.

लगेच पुढे ऑगस्टचा चंद्र स्वयंपाकघरात चमकतो. कशासारखा? इंग्रजीत 'टिन-प्लेटेड पॉट' वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर बिस्किटाचा डबा आला. मग डिक्शनरी घेऊन मूळ ओळ लावली. तिथे 'गानोमेनो तेंजेरी' आहे. तेंजेरी हा तुर्कीतून आलेला, घरातला शब्द. आणि गानोमेनो म्हणजे चक्क कल्हई केलेलं! ज्यांनी दारात कल्हईवाला बसलेला पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. भाता, तापलेलं पितळ, नवसागराचा पांढरा धूर, आणि कथील टेकवून कापडाचा बोळा फिरवला की काळवंडलेल्या पातेल्याच्या पोटात एकदम पसरणारा तो दुधी उजेड. चंद्र अगदी तसाच दिसतो. ही ओळ मराठीत इंग्रजीपेक्षा सोपी जाते, हे आपलं नशीब. वर रित्सोस कंसात सांगूनही टाकतो, की मी तुमच्याशी हे बोलतोय म्हणून चंद्र असा झालाय.

आता दगड. त्यांच्यामागे इतिहास आहे. १९४६ ते १९४९ ग्रीसमध्ये यादवी चालली. डाव्या विचाराच्या लोकांना बेटांवर डांबलं गेलं, १९४८ मध्ये रित्सोसलाही पकडलं. आधी लिम्नोस, मग माक्रोनिसोस, मग आय स्त्रातीस. सुटका १९५२ मध्ये. माक्रोनिसोस हे पाण्याचं दुर्भिक्ष असलेलं उघडंबोडकं बेट. तिथे कैद्यांना दगड इकडून तिकडे वाहायला लावत, तेही काही बांधायचं नसताना. हेतू एकच, माणसाने कंटाळून पश्चात्तापाच्या कागदावर, म्हणजे डावे विचार सोडल्याच्या कबुलीवर, सही करावी. आणि कळस म्हणजे त्याच कैद्यांकडून पार्थेनॉनच्या, म्हणजे अथेन्समधल्या प्राचीन मंदिराच्या, छोट्या प्रतिकृती बांधून घेतल्या. रित्सोसने तिथे लिहिलेल्या कवितांचं नाव 'पाषाणकाळ' असं करता येईल. पुराणवस्तूंच्या पुस्तकातला पाषाणयुगाचा अर्थ मात्र तिथे लावू नका. कागद सापडू नयेत म्हणून त्याने कविता बाटल्यांत घालून जमिनीत पुरल्या. समुद्रकाठच्या गोट्यांवर तो चित्रंही काढायचा.

यावरून 'तुरुंगाने त्याला वस्तूंकडे वळवलं' असं सोपं समीकरण मांडलं जातं. ते मला पटत नाही. कल्हईचं पातेलं अटकेच्या आधीचं आहे! वस्तू त्याच्याजवळ होत्याच, बेटावर त्यांचं वजन कळलं इतकंच.

हे वजन त्याच्या आधीही होतं. सेफेरिस या दुसऱ्या ग्रीक कवीच्या १९३५ मधल्या एका प्रसिद्ध कवितेत माणूस जागा होतो तेव्हा हातात संगमरवरी डोकं असतं. त्याने कोपरं भरून येतात आणि ते ठेवायचं कुठे ते कळत नाही. प्राचीन ग्रीसचं ओझं इतकं नेमकं क्वचितच कुणी हातात दिलं असेल. पण ते ओझं शिकलेल्या माणसाचं आहे. रित्सोसचं पातेलं कुणाच्याही ओट्यावर असतं, म्हणून मी नव्या वाचकाला आधी तेच देतो.

रित्सोसचा 'चांदण्यातला सोनाटा' (१९५६) तुम्ही बहुधा आधीच चाळला असेल, सगळे तिथूनच सुरू करतात. जुन्या घरातली काळ्या कपड्यातली बाई एका तरुणाला 'मला तुझ्याबरोबर येऊ दे' म्हणत राहते. कविता सुंदर आहे, पण लांब आहे. त्याआधी 'साक्षी' या त्याच्या संग्रहांमधल्या (१९६३ आणि १९६६) आठ-दहा ओळींच्या कविता घ्या, दिवसाला एक. आणि अनुवादात एखादी वस्तू गुळगुळीत वाटली की मूळ शब्द शोधा. ग्रीक लिपी आठवडाभरात लागते.