ड्रॅग रेसमध्ये (सरळ ट्रॅकवर दोन गाड्यांची शर्यत) ईटी, म्हणजे ठरलेलं अंतर कापायला गाडीला लागलेला वेळ, कमी असूनही गाडी हरते, ती कशी?

सुटायला झालेल्या उशिरामुळे हरते, कारण ईटीचं घड्याळ हिरव्या दिव्याला नाही, तर पुढचं चाक स्टेज बीममधून (सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून) बाहेर पडल्यावर सुरू होतं. त्याआधीचा वेळ म्हणजे रिअ‍ॅक्शन टाइम. तो ईटीत धरत नाहीत, पण शर्यतीत तो जातोच. उदाहरणार्थ:

- अ: रिअ‍ॅक्शन 0.045 + ईटी 10.20 = 10.245 सेकंद
- ब: रिअ‍ॅक्शन 0.120 + ईटी 10.15 = 10.270 सेकंद

ब ची गाडी वेगवान, तरी अ जिंकतो. एनएचआरएच्या (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंग संघटना) शर्यतीनंतर मिळणाऱ्या स्लिपवर दोन्ही आकडे वेगळे छापलेले असतात. बेरीज करून बघा. प्रो ट्री या सुरुवातीच्या दिव्यांच्या पद्धतीत तिन्ही पिवळे दिवे एकदम लागतात आणि 0.400 सेकंदांनी हिरवा, म्हणून पिवळा दिसताच सुटावं लागतं. हिरव्याची वाट पाहिली की उशीर झालाच! मात्र फार लवकर सुटलात तर लाल दिवा, म्हणजे थेट बाद. डीप स्टेजिंगने, म्हणजे गाडी बीममध्ये थोडी आणखी पुढे उभी केल्याने, रिअ‍ॅक्शन सुधारतो, पण रोलआउट (बीममधून बाहेर पडेपर्यंत चाक सरकतं ते अंतर) घटल्याने ईटी वाढते आणि लाल दिव्याचा धोकाही.

हा हिशेब दोघं एकदम सुटतात त्या शर्यतींचा. ब्रॅकेट रेसिंगमध्ये हळू गाडीला आधी सोडतात; तिथे स्वतः आधी जाहीर केलेल्या अपेक्षित ईटीपेक्षा (डायल-इन) कमी वेळ लागला, तर पुढे असूनही हरता येतं; याला ब्रेकआउट म्हणतात.