पावसाळ्यात मुलांना जुहूला न्यायचंय, पण ब्लू बॉटलची, म्हणजे त्या जेलीफिशसारख्या डसणाऱ्या समुद्री जीवाची, भीती वाटते. जावं का?

जा की, फक्त पाण्यात उतरवू नका आणि अनवाणी तर अजिबात नको. जुलै-ऑगस्टमध्ये वाऱ्याने ते निळे फुगे किनाऱ्यावर येतात, मुलांना फुगाच वाटतो आणि हात जातोच, मेलेला असला तरी त्याचे धागे डसतात हे आधीच सांगून ठेवा. डसलंच तर चोळू नका, वाळू लावू नका, धागे चिमट्याने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं. श्वासाला त्रास किंवा चक्कर आली तर सरळ हॉस्पिटल. आणि विसर्जनाला गिरगावला जाणार असाल तर पाकटाचंही (शेपटीला विषारी काटा असलेला स्टिंगरे मासा) लक्षात ठेवा, 2013 ला तिथे कितीतरी जणांना डंख बसले होते, त्यावरही गरम पाणीच, पण काटा खोल रुतला असेल तर स्वतः उपटू नका, डॉक्टरकडेच जा.