फेल_मेक_रिक्वेस्ट (डिस्कच्या कामांना मुद्दाम एरर देणारी, टेस्टसाठीची लिनक्स कर्नलची सोय) चालू केलं, तरी ईएक्सटी४ ला (लिनक्सची एक फाइल सिस्टिम) एकच एरर मिळते. असं का?

तुम्ही प्रोबॅबिलिटी (एरर देण्याची टक्केवारी) १०० ठेवलीत, पहिल्या राइटला एरर आली आणि पुढे सगळं सुरळीत चाललं, असं लिहिलंय. कारण साधं आहे: फेल_मेक_रिक्वेस्टच्या डिरेक्टरीत टाइम्स नावाची फाइल असते (एकूण किती एरर द्यायच्या, तो आकडा) आणि तिच्यात मुळातच १ असतो. एक एरर दिली की कर्नलचं काम संपलं. मर्यादा काढायची तर -१ लिहायचं.

पण ते लिहायची घाई करू नका. मी तेच केलं होतं आणि रात्रभर चालवलेली टेस्ट फुकट गेली. जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) लिहिताना एरर आली की ईएक्सटी४ जर्नल बंद करते आणि फाइल सिस्टिम रीड-ओन्ली होते. त्यानंतर कितीही तास टेस्ट चालवली, तरी नवीन काहीच तपासलं जात नाही.

माझ्या मते टाइम्स १ च राहू द्या, प्रोबॅबिलिटी १०० च ठेवा आणि स्पेसशी खेळा. स्पेस ही तिथलीच दुसरी फाइल, तिच्यात बाइट्सचा आकडा असतो. तेवढा डेटा एररशिवाय जाऊ दिला जातो, मग फटका बसतो. प्रत्येक फेरीत नवी फाइल सिस्टिम बनवून माउंट करा, मग स्पेस ४०९६ ने वाढवून टाइम्समध्ये पुन्हा १ लिहा, कारण वापरला की तो शून्यावर येतो. बॅकग्राउंडमधल्या राइट्समुळे क्रम थोडा मागेपुढे होतो, तरी फटका कधी सुपरब्लॉकवर (फाइल सिस्टिमची मूळ माहिती), कधी इनोड टेबलवर (फाइल्सच्या नोंदी), कधी जर्नलवर बसत जातो. नुसत्या रँडम एररमधून बग सापडला तर तो परत घडवून आणताना जीव जातो.

हे सगळं लूप डिव्हाइसवरच (साध्या फाइलपासून बनवलेली नकली डिस्क) करा. मेक-इट-फेल (कोणत्या डिस्कला एरर द्यायची, ते ठरवणारी खूण) फक्त त्याच डिव्हाइसचं १ करा, रूट डिस्कला हात लावू नका. व्हर्बोज (किती तपशील छापायचा) २ ठेवलं की डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) स्टॅक ट्रेस, म्हणजे एरर कुठल्या कोडमधून आली त्याचा माग, मिळतो.

वीज गेल्यावर काय होईल हे मात्र यातून कळत नाही, कारण इथे डिस्क निदान एरर तरी सांगते. त्यासाठी डीएम-फ्लेकी (ठरावीक वेळ नीट आणि ठरावीक वेळ, म्हणजे डाउन काळात, बिघडलेली वागणारी नकली डिस्क) घ्या आणि तिचा ड्रॉप_राइट्स हा पर्याय लावा. डाउन काळात राइट यशस्वी झाल्याचं सांगून डेटा टाकून दिला जातो.

आणि प्रत्येक फेरीनंतर फक्त एफएससीके वर (फाइल सिस्टिम तपासणारी कमांड) थांबू नका. ज्या फाइलला एफसिंकने (डेटा डिस्कवर पक्का लिहायला लावणारा कॉल) शून्य, म्हणजे यश, परत दिलं, तिचा चेकसम आधीच बाजूला लिहून ठेवा आणि रीमाउंटनंतर ताडून बघा. एफसिंक एकदा फसल्यावर तेच पुन्हा बोलावून मिळालेलं यश धरू नका: लिनक्सवर फसलेली पेजेस (मेमरीतले डेटाचे तुकडे) क्लीन, म्हणजे लिहून झालेली, ठरवली जातात, त्यामुळे दुसरा एफसिंक डेटा न लिहिताच शून्य देऊ शकतो.